यादीतलं पहिलं नाव

सभासद जमवायचं काम ज्याने कधी केलंय त्याला ठाऊक असतं की आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. ती "बघू" म्हणतात, "कळवतो" म्हणतात. मस्कतमध्ये तर त्यांना "इन्शाल्ला" म्हणायचीही सोय होती, त्यामुळे त्यांची चंगळच. चार वर्षं मी हे काम केलं. आता कुठल्याही मंडळाचा फॉर्म कुणी पुढे केला की माझं डोकं दुखायला लागतं, आणि हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मस्कतमधल्या अल् खुवैरला राहत होतो. नवरा एका कंपनीत इंजिनिअर, मी दुसऱ्या एका कंपनीत ऑफिसचं काम पाहायची, आणि एकुलती एक मुलगी बारावीत होती. मी पुण्याला कॉलेजात असताना आठशे मीटर धावायची. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले आणि मग लग्न झालं. मुलीलाही धावायची आवड होती. ती तिला आपसूक लागली की मी लावली, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

शाळा असेपर्यंत मुलांना मैदान होतं, खेळाचे सर होते, वार्षिक स्पर्धा होत्या. बारावी झाली की बहुतेक मुलं शिकायला भारतात जायची. जी मागे राहायची त्यांच्यासाठी तेव्हा नुकतीच एक-दोन कॉलेजं निघाली होती. त्यातलं रुवी भागातलं मी पाहून आले होते. चांगली इमारत होती, वातानुकूलित वर्ग होते, पार्किंग होतं. मैदानाचं विचारलं तेव्हा तिथल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मागे राहणाऱ्या या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, काहीतरी करावं असं माझ्या डोक्यात आलं. कॉलेजात जाणाऱ्या खेळाडूंची एक संघटना, सुट्टीच्या, म्हणजे शुक्रवारच्या सकाळी एक मैदान, हातात घड्याळ घेऊन उभं राहणारं कुणीतरी. एवढंच होतं.

खरं सांगायचं तर डोक्यात एकच मुलगी होती. माझ्या मुलीच्या वर्गातली, रिलेमध्ये तिच्याबरोबर धावणारी. शहराच्या कडेला, वादी अदाईला राहायची. वडील रत्नागिरीकडचे, एसी दुरुस्तीचं काम करायचे, पिकअपच्या टपावर कायम शिडी बांधलेली. माझी मुलगी चांगली धावायची, पण ही पोर वेगळीच होती. शेवटच्या वळणावर सगळ्यांचे खांदे वर चढतात, तोंडं वाकडी होतात. हिचा चेहरा तसाच्या तसा राहायचा आणि पाय मात्र वाढायचे. मी आयुष्यात पुष्कळ धावणाऱ्या मुली पाहिल्यात, त्यांत मीही आले, पण असं धावणं मी दोनदाच पाहिलं आणि दुसरी ही. तिला वडील भारतात एकटीला पाठवणार नव्हते, हे ठरलेलंच होतं. रुवीच्या त्या कॉलेजात तिचं नाव घालायचं होतं. म्हणजे मार्चमध्ये बारावीची परीक्षा संपली की तिचं धावणं संपलं.

मी त्यांच्या घरी गेले. तिच्या आईने खजूर आणि चहा पुढे ठेवला. वडिलांनी माझं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमची पोर जाणार काय तिकडं?" त्यांनी विचारलं.

"जाणार तर. यादीत पहिलं नाव तिचंच आहे."

"मग माझी पण येईल. तुमची पोर असेल तिकडं माझी असेल. ती नाय, तर ही पण नाय. मी साधा माणूस हाय, मला दुसरं कायच कळत नाय."

मी "बिनधास्त राहा" म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की आता ते आठवलं तरी मला माझाच राग येतो.

एका शाळेचं मैदान शुक्रवारी सकाळी मिळण्यासारखं होतं. तिथलं बघणारे एक केरळी गृहस्थ होते, अतिशय सभ्य आणि अतिशय चिवट. "चालीस नाम लाओ मॅडम, फिर बात करेंगे," ते म्हणाले. पाच-सहा पोरांसाठी ते कुलूप उघडणार नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. वर्गणी मी ठेवलीच नाही. फक्त फॉर्म भरायचा होता.

आता चाळीस मुलं आणायची कुठून? मस्कतमध्ये कुणी पायी चालत नाही, रस्त्यात कुणी भेटत नाही. सगळे आपापल्या गाडीत. पण संध्याकाळी सगळ्या गाड्या एका ठिकाणी सापडायच्या, अल् खुवैरमधल्या बारावीच्या क्लासबाहेर. मुलं आत गणित सोडवत असायची आणि आईबाप बाहेर एसी चालू ठेवून दीड-दीड तास बसायचे. मी पॅडला फॉर्म लावून एकेका गाडीच्या काचेवर टकटक करायची. काच दोन बोटं खाली यायची. आतून थंड हवा आणि संशय दोन्ही बाहेर यायचे. बिचाऱ्यांना मी विम्याची बाई वाटत असणार.

पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. चार फॉर्म, त्यातला एक माझ्याच मुलीचा आणि एक त्या पोरीचा. "धावून काय करणार?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की उत्तर द्यायचंही मी सोडून दिलं. मग एका गाडीतल्या गृहस्थांनी काच पूर्ण खाली केली आणि विचारलं, "मॅडम, सर्टिफिकेट देणार का?"

"कसलं?"

"मेंबर असल्याचं. तिकडे अॅडमिशनला स्पोर्ट्सचं काही असलं तर बरं पडतं ना."

मी क्षणभर विचार केला आणि देऊ म्हणाले. बस्स. ही बातमी त्या गाड्यांच्या रांगेत कशी पसरली कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी लोक आपणहून काचा खाली करून मला हाका मारायला लागले. स्टिअरिंगवर फॉर्म ठेवून भराभर सह्या व्हायला लागल्या. ज्या मुलाने आयुष्यात चेंडूला पाय लावला नसेल त्याच्या आईने खेळाच्या रकान्यात फुटबॉल लिहिलं. दोन आठवड्यांत माझ्याकडे साठाच्या वर फॉर्म होते. घरी जेवणाच्या टेबलावर ते पसरून मी नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "तू इथली सरकारी खाती चालवायला हवीस." मी खूश झाले.

फॉर्मवर मी सगळं विचारलं होतं. नाव, शाळा, खेळ, मस्कतमधला पत्ता, टेलिफोन. पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असाल, हे मात्र विचारलं नव्हतं. दहा-अकरा वर्षं त्या देशात काढलेल्या बाईने, दर ऑगस्टमध्ये ओळखीतल्या कुणा ना कुणाच्या मुलाला विमानतळावर सोडायला जाणाऱ्या बाईने, मागे राहणाऱ्यांची संघटना निघून जाणाऱ्यांना घेऊन उभी केली. आणि हे तेव्हा कुणाला कळलं नाही असंही नाही. ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांना आपलं पोर जाणार हे माहीत होतं. कुणी बोललं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मैदान मिळालं. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये सुरुवात झाली. साठातले पंधरा-सोळा जण यायचे, त्यातल्या निम्म्या मुली, आणि मला तेवढं पुष्कळ होतं. उन्हामुळे साडेपाचला सुरू करून सातला आवरायचं. तो पिकअप नेहमी आमच्या आधी येऊन उभा असायचा. वडील खिडकी उघडी टाकून बसलेले, शेजारी पोर बूट घालून तयार. पण ती उतरायची नाही. आमची गाडी आत आली, माझी मुलगी खाली उतरली, तिने हात केला, की मग वडील मान हलवायचे आणि दार उघडायचं. दर शुक्रवारी असंच. एकदा माझ्या मुलीला ताप होता म्हणून मी एकटीच गेले, तर पिकअप फाटकातून आत आला, वळला आणि परत गेला. मला राग आला होता. एवढं काय ते, असं वाटलं. पण त्यांनी आपला शब्द पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितला होता, मीच तो नीट ऐकला नव्हता.

ते तीन-साडेतीन महिने मात्र छान गेले, हे कबूल करायला हवं. ती पोर दर आठवड्याला वेळ कमी करत होती. पळून आली की कमरेवर हात ठेवून विचारायची, "आंटी, किती?" मी आकडा सांगायची. ती पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहायची. माझी मुलगी तिच्या मागे दहा-पंधरा पावलांवर असायची आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही. एके दिवशी तिने स्वतःचीच वेळ पुष्कळ मागे टाकली आणि मी घड्याळ नेऊन पिकअपच्या खिडकीत धरलं. वडिलांना त्यातलं काय कळलं असेल नसेल, पण ते हसले. "लहानपणी पण अशीच पळायची," ते म्हणाले. "मी मारायला उठलो की हातातच नाय यायची."

निकाल लागले. मग एकेक शुक्रवारी एकेक जण कमी व्हायला लागला. अमक्याचं बंगळूरला झालं, तमकीचं मुंबईला. सर्टिफिकेटं मी वेळेवर दिली होती, त्यामुळे माझ्यावर सगळे प्रसन्न होते. जुलैच्या शेवटी मैदानावर सहाजण होते.

आणि मग पुण्याहून माझ्या मुलीची अॅडमिशन झाल्याचा फोन आला.

मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. अर्ज मीच भरला होता, फोटो मीच चिकटवले होते. पण होईल न होईल, रांग मोठी आहे, असं मनात कुठेतरी धरून मी दोन्हीकडे पाय ठेवले होते. रुवीचं कॉलेजही आम्ही बघून ठेवलं होतं. ती तिथे राहू शकली असती. वाईट झालं नसतं. पण पुण्याची जागा हातातून सोडायची, तीही दुसऱ्याच्या मुलीच्या धावण्यासाठी, असं कुठली आई करते? हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा पुष्कळ वेळा विचारला आणि दर वेळी उत्तर माझ्याच बाजूने आलं.

बॅग भरताना मुलीने विचारलं, "आई, मी गेले तर तिचं काय? तिचे डॅड तिला नाही पाठवणार."

"तिचं मी बघते," मी म्हणाले. "तू तुझं बघ."

"पण तू प्रॉमिस केलं होतंस ना त्यांना? मी असणार म्हणून?"

"तू तुझं बघ म्हटलं ना."

 तिने धावायचे बूट पिशवीत गुंडाळून बॅगेत वरच ठेवले.

तिला सोडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वादी अदाईला गेले. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. पुन्हा खजूर, पुन्हा चहा. ती पोर दाराशी उभी होती. तिला कळलेलं होतंच. माझ्या मुलीने जाण्याआधी फोन केला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. दर शुक्रवारी मी स्वतः घ्यायला येईन, परत सोडेन. नवीन मुली येतील. मैदानाला फाटक आहे, मी सगळा वेळ उभी असते. बोलता बोलता माझाच आवाज मला गाडीच्या काचेशी बोलल्यासारखा वाटायला लागला.

वडिलांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "मॅडम, तुमची पोर नाय ना आता."

"नाही. पण..."

"तुम्ही बरोबर केलात. शिक्षण पहिलं. पोरीचं बघायलाच पाहिजे आईबापानं." त्यांनी कप खाली ठेवला. "मी पण माझ्या पोरीचं बघतो. एकटी पोर फाटकाच्या आत पळते, लोक मला विचारतील. तुम्हाला नाय कोण विचारणार. मग खलास, मॅडम. नाराज होऊ नका."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट माझ्या मुलीला दुवा दिली. ती पोर रडलीही नाही. मला खालपर्यंत सोडायला आली आणि गाडीचं दार लावताना म्हणाली, "आंटी, तुम्ही हिकडूनच जा, तिकडं रस्ता खोदलाय." हाताने तिने वळसा दाखवला. मी त्या वळशाने गेले आणि अमेरात गावाच्या चढावर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिले.

हट्ट म्हणून मी संघटना सोडली नाही. यादी काढून एकेक फोन लावला. बहुतेक ठिकाणी आया उचलायच्या आणि मोठ्या अभिमानाने सांगायच्या की तो तर गेला, हॉस्टेलला आहे, जेवण आवडत नाही म्हणतो. साठाच्या वर सभासद आणि ती पोर सोडली तर देशात दोन. त्यातला एक पाय मोडून घरी होता. मग मी रुवीच्या कॉलेजच्या दाराशी उभी राहिले. तिथल्या मुलींना घरी जायची घाई असायची. सगळ्यांचे वडील, भाऊ, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून थांबलेले. "आंटी, शुक्रवारी? डॅडी झोपतात शुक्रवारी. कोण सोडणार?"  पाच मुली जमल्या, तीन राहिल्या. मी वादी अदाईला निरोप पाठवला की तीन आहेत. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नवे फॉर्म, पुन्हा ऑगस्ट. आता फॉर्मवर तो प्रश्न मी छापला होता, पुढच्या वर्षी कुठे असाल. सगळे खुशाल "मस्कत" लिहायचे आणि जायचे. चौथ्या वर्षी त्या केरळी गृहस्थांनी हळू आवाजात सांगितलं की शुक्रवारची वेळ एका ऑफिसच्या क्रिकेटवाल्यांनी मागितली आहे, आणि ते बावीस जण नक्की येतात. मी किल्ली परत दिली. मला इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या मुलीने पुण्यात धावणं पहिल्या सत्रातच सोडलं. दिवाळीच्या सुमारास फोनवर मी विचारलं, तर म्हणाली, "ग्राऊंड लांब आहे आई, आणि इथे कुणीच नाही करत. एकटीला बोअर होतं." मी तिला रागावणार होते. पण एकटीने धावायला कुणाला जमतं, हे मला तोवर पुरतं कळलं होतं. मी फक्त "बरं" म्हणाले आणि जेवलीस का ते विचारलं.

पुढे काही वर्षांनी अल् खुवैरची भाडी परवडेनात म्हणून आम्ही अमेरातला राहायला गेलो. तिथे एका दवाखान्यात मी गुडघा दाखवायला गेले होते. काउंटरवर डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई नावं लिहून घेत होती. माझं कार्ड हातात घेऊन तिने वर पाहिलं आणि "आंटी!" म्हणून उभीच राहिली. चेहरा थोडा भरला होता. लग्न झालेलं, दोन मुलं, नवरा बंदरावर कामाला. मागे रांग होती, तरी तिने सगळं विचारलं. काका कसे आहेत, गुडघ्याला काय झालं, जिन्याचं घर आहे का. अब्बांना आता शिडी चढवत नाही म्हणाली, ते घरीच असतात. बोलताना ती माझे कागद भरत होती, आणि तिचं अक्षर फार सुंदर होतं, हे मला कधी ठाऊकच नव्हतं.

मग तिने विचारलं, "ती धावते ना अजून?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. मला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणाले. "धावते की. रोज सकाळी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा हसला. "अब्बा विचारतात कधी कधी. त्यांना वाटतं त्यांनी मला थांबवलं. मी त्यांना सांगते, दोघींतली एक तर धावते ना. आज घरी गेल्यावर नक्की सांगते, तुम्ही भेटलात आणि ती रोज धावते म्हणून."

तिने कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी बाकावर जाऊन बसले. खोटं मी तिच्यासाठी आणि तिच्या वडिलांसाठी बोलले, असं मला डॉक्टरांकडून घरी येईपर्यंत वाटत होतं. घरी आल्यावर तेवढंही वाटेना.